मिरजेची वेलांटी

एखाद्या गेम इंजिनमध्ये नवा प्रकल्प उघडावा, पडद्यावर मजकुराची पाटी टाकावी, देवनागरी फाँट जोडावा आणि आपल्या भागातल्या गावांची नावं टाइप करावीत. आधी सातारा. ते जवळपास कुठल्याही इंजिनात बरोबर उमटतं. सांगलीही उमटते, अनुस्वार जरा इकडेतिकडे सरकला तर सरकला. मग मिरज. इंजिन युनिटी असेल आणि मजकुरासाठी त्यातलं नेहमीचं टेक्स्टमेश प्रो वापरलं असेल, तर समोर दिसतं ‘मरिज’. फाँट बदला, प्रकल्प बंद करून पुन्हा उघडा, मरिजच. तेच नाव अनरीअलच्या मेनूत टाकलं तर मिरज. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत पुन्हा मरिज, चौथीत मिरज.

कारण साधं आहे. सातारा या शब्दातल्या सगळ्या खुणा अक्षराच्या उजवीकडे बसतात. सांगलीतल्या बसतात उजवीकडे किंवा डोक्यावर. मिरजेची वेलांटी मात्र उच्चारात ‘म’च्या नंतर येते आणि कागदावर ‘म’च्या आधी. संगणकाच्या स्मृतीत क्रम उच्चाराचा: म, वेलांटी, र, ज. जे इंजिन मिळेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे चिन्हं रंगवत जातं, ते वेलांटी ‘म’ला टाकून ‘र’च्या गळ्यात बांधतं.

इंजिन कुठलं घ्यावं यावर गेम करणारी पोरं रात्र रात्र वाद घालतात. पैसे किती द्यावे लागतील, ग्राफिक्स कुणाचं भारी, सी शार्प सोपी की सी प्लस प्लसच बरी, पुण्यात नोकरी कशावर लागते. सगळे मुद्दे रास्त. पण गेम मराठीत करायचा असेल तर आधी वेलांटीचा निकाल लावावा लागतो, आणि तो लागला की बाकीच्या मुद्द्यांचा क्रमही बदलतो. ही वेलांटी यंत्राला का जमत नाही हे शोधत मागे गेलं की वाट टेक्सासला जाते, पुणे विद्यापीठाच्या आवारात शिरते, शिरवळवरून पुढे सरकते आणि पटवर्धनांच्या मिरजेत येऊन थांबते.

मिरज म्हटलं की लोकांना तंबोरा आठवतो, सतारमेकर आठवतात, अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात. छपाई फारशी कुणाला आठवत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या इंग्रज वकिलातीत चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या प्रोत्साहनाने एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरं कोरायला शिकला, आणि नाना फडणविसांच्या मनात आलं की या रीतीने गीता छापावी. मॅलेट १७९७ मध्ये पुण्याहून गेला, १८०० मध्ये नाना वारले आणि पुण्यातलं काम तिथेच राहिलं. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ साली गीता छापून झाली ती मिरजेत. मराठी मुलखातल्या देवनागरी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक, आणि त्याचं श्रेय पुण्याला जाता जाता राहिलं, हे मिरजकरांनी जरा जोरात सांगायला हरकत नाही.

या पद्धतीत वेलांटीचा प्रश्नच येत नाही. अख्खं पान पत्र्यावर कोरायचं. ‘म’ आधी कोरायचा की वेलांटी, हे कोरणारा जाणे. छापणाऱ्याच्या दृष्टीने पत्र्यावर सुटी अक्षरं नसतात, पानाचं एक चित्र असतं. जोडाक्षर कितीही अवघड असो, हाताला जमलं की पत्र्याला जमलं. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: पुढच्या पानाला या पानातलं काहीच उपयोगी पडत नाही, आणि पुढचं पुस्तक काढायचं तर पहिल्यापासून कोरायला बसायचं.

नेमक्या त्याच वर्षी, १८०५ मध्येच, बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, तेही देवनागरीत. पण तिथे खिळे होते. शिशाचा एकेक सुटा खिळा, त्याच्या डोक्यावर एकेक अक्षर किंवा अक्षराचा तुकडा. पान छापून झालं की खिळे सोडवायचे, परत खान्यात टाकायचे, पुढचं पान जुळवायचं. देवनागरी छपाईच्या दोन रीती एकाच वर्षी, एकमेकींपासून शेकडो कोसांवर उभ्या होत्या, आणि पुढच्या दीडशे वर्षांत खिळ्यांची रीत जिंकली. जिंकायलाच हवी होती. मुंबईत गणपत कृष्णाजी, मग जावजी दादाजींचं निर्णयसागर, राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले देखणे ठसे, आपल्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला निघणारं ‘किर्लोस्कर’ मासिक, हे सगळं त्या सुट्या खिळ्यांवर उभं राहिलं.

खिळ्यांनी एक हिशेब मात्र कायमचा बदलला. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, ‘मिरज’ जुळवताना पट्टीत आधी वेलांटीचा खिळा ठेवतो, मग ‘म’, मग ‘र’, मग ‘ज’. वेलांटीची वरची कमान ‘म’च्या डोक्यावर झुकायला हवी, म्हणून ती खिळ्याच्या अंगाबाहेर काढलेली असते. असे बाहेर डोकावणारे भाग नाजूक, दाबाखाली मोडायचे. शिवाय अर्धी अक्षरं वेगळी, रफार वेगळा, रफार-अनुस्वार एकत्र असलेला आणखी वेगळा. इंग्रजीच्या कित्येक पट खाने. जुळाऱ्याचे हात ते सगळं सांभाळत होते, कारण कुठला तुकडा कुठे जातो हे ज्ञान त्याच्या डोक्यात होतं. खिळ्याला स्वतःला काही कळत नव्हतं. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीचा: जुळारी गेला, खिळे राहिले.

मध्ये एकदा तर वेलांटीलाच शिक्षा करायचा घाट घातला गेला. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषद भरली आणि तिथे ठरलं की ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडेच काढावी, दीर्घ वेलांटीपेक्षा तिचा दांडा फक्त आखूड ठेवावा. छपाईयंत्राची आणि टाइपरायटरची सोय होईल. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. वाचणाऱ्यांना ऱ्हस्व आणि दीर्घ ओळखता येईना, आणि काही वर्षांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

टाइपरायटरने जुळाऱ्याचाच क्रम उचलला. रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटावर ‘मि’ काढायला आधी वेलांटीची कळ दाबायची, मग ‘म’ची. कचेरीत आयुष्य काढलेल्या टंकलेखकाची बोटं विचार न करता वेलांटीकडे आधी जात. गोदरेजचे टाइपरायटर शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला तयार होत. २००९ मध्ये ते उत्पादन थांबलं आणि पुढे दोन वर्षांनी जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. यंत्र गेलं, पण सवय संगणकावर आली. डीटीपीच्या काळात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांनी देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या दोनशे छप्पन खान्यांत कोंबले. ‘ए’च्या जागी एक तुकडा, ‘बी’च्या जागी दुसरा, आणि साठवणुकीत वेलांटी आधी. मिरजेच्या बाजारातल्या कुठल्याही लग्नपत्रिकावाल्याला विचारा: फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की वधूवरांच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइलमध्ये मराठी नसतंच. असतात फक्त खिळ्यांचे क्रमांक.

याच्या उलट दिशेने विचार करणारी माणसंही तेव्हाच काम करत होती. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्र उभं केलं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम विद्यापीठाच्या आवारात आलं. त्यांचं म्हणणं असं की साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने, भारतातल्या सगळ्या लिप्यांना एकच आराखडा, आणि वेलांटी पडद्यावर कुठे बसवायची ते यंत्राने ठरवायचं. टंकणाऱ्याने ‘म’ मग वेलांटी द्यावी, डावीकडे सरकवण्याचं काम सॉफ्टवेअरचं. इस्की हे प्रमाणक त्यातून आलं, आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा देवनागरीचा १२८ जागांचा पट्टा इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला. आज फोनवर आपण ‘म’ दाबून मग वेलांटी दाबतो ती त्यांची रीत.

पण या रीतीत जुळारी पुन्हा लागतो. नुसती चिन्हं आणि फाँट असून भागत नाही. चिन्हांची अक्षरं कुठे सुरू होतात, कुठे संपतात हे ओळखायचं, वेलांटी उचलून पुढे आणायची, रफार उचलून शेवटी न्यायचा, अर्धी रूपं निवडायची, आणि मग चित्रं मांडायची, हे करणारा एक स्वतंत्र कार्यक्रम हवा. विंडोज २००० मध्ये तो आला, सोबत कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फाँट. पुढे बेहदाद एस्फाहबोद यांच्या पुढाकाराने हार्फबझ नावाचा खुला जुळारी तयार झाला. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांमध्ये मराठी नीट दिसते ती त्याच्या जिवावर. ब्राउझरमध्ये चालणारे, फेजरसारख्या साधनाने केलेले छोटे गेम मिरज सरळ लिहितात, त्यामागेही हेच आहे: अक्षरं ब्राउझर काढतो.

आता टेक्सास. डिसेंबर १९९३ मध्ये तिथल्या आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ हा गेम आला. जॉन कारमॅकने त्यात गेम चालवणारा भाग आणि गेमचा माल वेगळा ठेवला होता. नकाशे, चित्रं, आवाज सगळं एका फाइलीत आणि ते दाखवणारं यंत्र दुसरीकडे. माल बदलला की गेम बदलला. रेव्हन सॉफ्टवेअरने तेच यंत्र परवान्यावर घेऊन १९९४ मध्ये ‘हेरेटिक’ काढला. एकासाठी बनवलेलं यंत्र दुसऱ्याला भाड्याने देता येतं हे तेव्हा ठळकपणे दिसलं, आणि ‘इंजिन निवडणं’ ही गोष्ट रुजली. त्याआधी निवडायला फारसं काही नव्हतं. बहुतेक जण आपलं यंत्र आपण घडवत होते.

१९९६ मधल्या ‘क्वेक’चा कोड पुढे खुला झाला, त्यामुळे त्यात मजकूर कसा रंगवला जाई ते आज कुणालाही वाचता येतं. एक चौकोनी चित्र, १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं. त्याचे सोळा ओळी, सोळा स्तंभ असे २५६ खाने, प्रत्येक खाना आठ गुणिले आठ. अक्षराचा क्रमांक घ्यायचा, सोळाने भागायचं, भागाकार म्हणजे ओळ, बाकी म्हणजे स्तंभ. त्या खान्यातलं चित्र पडद्यावर चिकटवायचं, आठ ठिपके उजवीकडे सरकायचं, पुढचं अक्षर. संपलं. इतकं छोटं, इतकं वेगवान की कौतुक वाटावं. आणि यात मागे वळून बघायची सोयच नाही. ‘म’ चिकटवून झाल्यावर वेलांटी आली तर ती उजवीकडेच जाणार. जुळारी नसलेली खिळ्यांची पेटी ती हीच, फक्त शिशाऐवजी ठिपक्यांची. कारमॅकला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ‘हेल्थ’ आणि ‘अ‍ॅमो’ लिहायचं होतं.

दोष पुढच्यांचा. इंजिनं वाढत गेली, प्रकाश आला, सावल्या आल्या, पाण्यात प्रतिबिंब आलं, आणि मजकूर मात्र बराच काळ त्या खानेदार चित्रावरच राहिला. १९९८ मध्ये एपिक कंपनीचा ‘अनरीअल’ आला, त्याच नावाचं इंजिन घेऊन. २००५ मध्ये कोपनहेगनमधल्या तिघांनी आपला ‘गूबॉल’ हा गेम फारसा चालला नाही तेव्हा त्यामागचं साधनच विकायला काढलं, ते युनिटी. युनिटीने आयफोन लवकर धरला, २००९ मध्ये फुकट आवृत्ती दिली, आणि एकट्या-दुकट्याने गेम करण्याचे दिवस आले. आपल्याकडच्या पोरांच्या हाती पहिलं इंजिन आलं ते बहुधा हेच. २०१७ मध्ये युनिटीने टेक्स्टमेश प्रो हे मजकुराचं साधन विकत घेऊन सगळ्यांना दिलं. त्यात अक्षरं कितीही मोठी केली तरी कडा धारदार राहतात. ‘मरिज’ही अत्यंत धारदार दिसतं.

मग लोक काय करतात? तीन वाटा, आणि तिन्ही ओळखीच्या.

पहिली वाट म्हणजे शीर्षक चित्र म्हणून आणायचं. फोटोशॉपमध्ये ‘पुन्हा खेळा’ लिहायचं, प्रतिमा साठवायची, बटणावर डकवायची. हा तांब्याचा पत्रा. दहा बटणं असतील तोवर ठीक, कथा सांगायची असेल तर गाडं अडतं. दुसरी वाट म्हणजे एक छोटा कोड लिहून वेलांटी आधीच उचलून व्यंजनाच्या डावीकडे ठेवायची. मिरज सुटतं, ‘शर्यत’ मात्र सुटत नाही, कारण रफारला आणि अर्ध्या अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतःची जागाच नाही. ती रूपं फाँटच्या पोटात असतात आणि तिथवर पोचायला जुळारीच लागतो. म्हणून तिसरी वाट: युनिकोड मजकूर चालू गेममध्ये कृतिदेवसारख्या जुन्या फाँटच्या क्रमांकांत बदलायचा आणि त्या फाँटने रंगवायचा. हिंदीसाठी असे तयार प्लगइन मिळतात. चालतं, पण द्राविडी प्राणायाम आहे. नव्वदच्या दशकातल्या लग्नपत्रिकेची युक्ती २०२० नंतरच्या मोबाईल गेममध्ये, आणि त्यासोबत तिचे सगळे रोग: शोध लागत नाही, ओळ चुकीच्या ठिकाणी तुटते, एखादं जोडाक्षर तक्त्यात नसलं की तिथे भलतंच चिन्ह.

अनरीअलने चौथ्या आवृत्तीच्या काळातच हार्फबझ आत घेतला. माझा अंदाज, तो देवनागरीसाठी घेतलेला नसावा. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, तिची अक्षरं शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतात, आणि तिथली बाजारपेठ मोठी आहे. अरबीसाठी दार उघडलं, त्यातून देवनागरी आत आली. कारण काहीही असो, मिरज बरोबर उमटतं.

आणि गंमत अशी की अनरीअलवर झालेल्या आपल्याकडच्या सर्वांत गाजलेल्या गेमला या सोयीची आधी गरजच पडली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ अनरीअल ४ वर केलेला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी मागितलेली रक्कम जमली नाही, पण काम थांबलं नाही, एपिकचं अनुदान मिळालं, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी तो आधी निंटेंडो स्विचवर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याचं नामांकन झालं. छायाबाहुल्यांचे प्रसंग, भित्तिचित्रं, दगडी महाल, असं सगळं उभं करायला अनरीअल घेणं शहाणपणाचंच होतं. कथन मात्र इंग्रजीत. हिंदी आवाज आला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. मराठी मुलखातल्या स्टुडिओंना वेलांटी अडत नाही, कारण ते वेलांटीपर्यंत येतच नाहीत. युबिसॉफ्टसारखी कंपनी २००८ पासून पुण्यात आहे. तिथे नोकरी करणाऱ्याला इंजिन निवडायचं नसतं, दिलेलं वापरायचं असतं. निवडीचा प्रश्न खरा पडतो तो घरी बसून आपल्या भाषेत काही करू बघणाऱ्याला.

त्याच्यासाठी २०२३ हे वर्ष महत्त्वाचं. गोडो हे इंजिन अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मांझूर यांचं, २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुलं. १ मार्च २०२३ रोजी त्याची चौथी आवृत्ती आली आणि तीत मजकुराचं सगळं खातं नव्याने बांधलेलं होतं, आत हार्फबझ. सहा महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, युनिटीने जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक इंस्टॉलांनंतर प्रत्येक नव्या इंस्टॉलमागे पैसे आकारले जातील, आणि आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ते लागू राहतील. बोंब उठली. दहा दिवसांत अटी सौम्य केल्या, पुढच्या महिन्यात मुख्याधिकारी जॉन रिच्चितिएल्लो पायउतार झाले, आणि बरोबर वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, गेमसाठीचा तो आकार रद्द झाला. तोवर बरेच जण गोडोकडे वळले होते. ते गेले पैशांच्या भीतीने. त्यातल्या मराठी पोरांना वेलांटी वर फुकट मिळाली.

गोडोमध्ये एक बारीक जागा आहे, जिथे हा सगळा इतिहास एका खटक्यात सापडतो. संवाद एकेक अक्षराने उमटत जाण्याला गेमवाले टाइपरायटर म्हणतात. गोडोत पाटीवर किती अक्षरं दिसावीत तो आकडा वाढवत नेला की झालं. मूळ मांडणीत तो आकडा अक्षरं जुळवण्याआधी लागतो. त्यामुळे ‘मिरज’ उमटताना आधी एकटा ‘म’ दिसतो, पुढच्या क्षणी वेलांटी येते, आणि ती डावीकडे घुसत असल्याने ‘म’ टुणकन उजवीकडे उडी मारतो. वाक्यात चार-पाच वेलांट्या असल्या की ओळ भर बोलताना अडखळल्यासारखी हलत राहते. त्याच गुणधर्माशेजारी दुसरा पर्याय आहे: आधी अख्खा मजकूर जुळवून ठेवायचा आणि मग एकेक भाग उघडायचा. तो निवडला की ‘मि’ एकदम येते, काहीच हलत नाही. शिरवळच्या यंत्रावर वेलांटी आधी छापली जायची, तिथे ही उडी कधी दिसली नसती.

युनिटीही आता जागी झाली आहे. सहाव्या आवृत्तीत यूआय टूलकिटसाठी मजकुराची नवी प्रगत यंत्रणा आहे, आणि तिच्याही पोटात हार्फबझ. पण टेक्स्टमेश प्रोवर उभे असलेले असंख्य प्रकल्प, शिकवण्या, नमुने यांना त्याचा उपयोग नाही. म्हणून आज कुणी मिरजेत बसून मराठी शब्दकोडं, मराठी गोष्ट, मुलांसाठी बाराखडीचा खेळ करायला घेत असेल, तर मी गोडो ४ सांगेन आणि फार विचार करू नको म्हणेन. नोकरी हवी असेल तर युनिटी शिकावं, ती शिकवणारे आणि घेणारे दोन्ही जास्त. वर्षाला दोन लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर तिची पर्सनल आवृत्ती फुकट आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती मर्यादा पुरून उरेल. अनरीअलला गेमच्या पहिल्या दहा लाख डॉलरांपर्यंत काही द्यावं लागत नाही, नंतर पाच टक्के. पण त्यासाठी तगडा संगणक हवा, आणि साध्या शब्दखेळाला अनरीअल म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

शिवाय इंजिन बरोबर असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. अनरीअलच्या मेनूत मिरज नीट येतं, पण गेमच्या जगात उभी करायची जी साधी मजकुराची वस्तू आहे ती जुन्या खानेदार पद्धतीनेच चालते. म्हणजे मेनूत मिरज आणि स्टेशनच्या फलाटावर मरिज. तिथे मेनूतलाच मजकूर पाटीच्या पृष्ठभागावर चढवावा लागतो. खेळणाऱ्याने स्वतःचं नाव टाइप करायचं असेल तर चित्राची युक्ती निकामी होते, कारण मिलिंद येणार की ऐश्वर्या हे आधी कुणाला माहीत असणार? ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ ही तर खास मराठीची जागा. युनिकोडमध्ये तिची सोय टिपून ठेवलेली आहे, हार्फबझला ती कळते, पण फाँटात ते रूप रेखाटलेलं हवं. निर्णय घेण्याआधी ज्या इंजिनाचा विचार चालू आहे त्यात मिरज, शर्यत, पुन्हा, दुसऱ्या आणि जिंकलात एवढे शब्द फोनवर चालवून पाहावेत, संपादकाच्या खिडकीत नव्हे. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात दिसून येतं ते नंतर सहा महिने निस्तरावं लागत नाही.

मग राहतात ‘ल’ आणि ‘श’. फाँट हिंदी वळणाचा असला की ‘लाल’ वाचता येतं, पण आपलं वाटत नाही. एकाच फाँटात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं देता येतात, आणि भाषा कळली की जुळारी त्यातलं योग्य ते निवडतो. गोडोत तेवढ्यासाठी गेमची भाषा म्हणून किंवा त्या पाटीपुरती ‘एमआर’ ही दोन इंग्रजी अक्षरं नोंदवायची, आणि ‘ल’ मराठी होतो.